शौक कोणाचा, नेम कोणावर?

जुन्या लष्करी रायफलीच्या घाटावर आपल्या मर्जीप्रमाणे नवी रायफल घडवून घेणे हा धनिकांचा शौक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला नकोशा झालेल्या माउझर व ली-एनफील्ड रायफली युरोप-अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या आणि नळी कापून, दस्ता बदलून त्यांच्या शिकारी बंदुका झाल्या. आता मूळ लष्करी रूपच पुन्हा उभे करण्याची हौस बोकाळली असून तिला ‘वारशाचे जतन’ असे गोंडस नाव मिळाले आहे. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या वसईने तरी हे नाव तपासून घ्यावयास हवे.

भारतात या प्रकाराचे मूळ साम्राज्यशाहीत आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीय जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. पुढे लष्कराचे ‘थ्री नॉट थ्री’ काडतूस प्रजेच्या हाती पडू नये म्हणून .३१५ बोअरची शिकारी रायफल प्रचारात आली. यंत्रणा एनफील्डचीच, काडतूस तेवढे निराळे! स्वातंत्र्यानंतर हीच रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली, तर तिची काडतुसे खडकीस. साहेब गेला, परंतु त्याचा शिकारी थाट जमीनदाराने आणि त्याच्यामागून ठेकेदाराने उचलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली वाटही बंद केली. शिकार संपली, शिकारी रायफल मात्र राहिली. मग आता तिचा नेम कोणावर?

पालघरच्या भूमीला हा प्रश्न नवा नाही. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाडा येथे वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासींचे प्राण घेतले. बंदुका एकाच बाजूला होत्या. १९८० च्या दशकाअखेर बिल्डर आणि गुंड यांच्या युतीपुढे हरित वसईची चळवळ उभी राहिली, तीही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली, निःशस्त्र माणसांच्या बळावर. ‘जिवाला धोका आहे’ म्हणून परवाना मागणारा पैसेवाला आणि जमीन विकावयास नकार देणारा वाडीवाला यांपैकी खरा धोका कोणाला असतो, हे वसईकरांना सांगावयास नको.

२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणली होती. वारसा आणि परंपरा यांच्या नावाने ओरड होताच सरकारने ती दोन केली. दरिद्री शेतमजुराच्या वारशासाठी संसद इतक्या तत्परतेने हलल्याचे कोणी पाहिले आहे काय? नेमबाजीच्या खेळाला कोणाचाच विरोध नाही. खेळाडूंना कायद्यात स्वतंत्र सवलत आहेच. विरोध आहे तो खेळाच्या आडून मिरवल्या जाणाऱ्या दहशतीला.

धोका पुढेही आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून ७ कंपन्या करण्यात आल्या आणि त्याच वर्षी कायदा करून तेथील कामगारांच्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने हाती घेतला. कारखाना नफ्यासाठी चालू लागला की त्याला गिऱ्हाईक हवे असते. कामगाराचे तोंड बंद आणि बंदुकीचे दुकान खुले, हा कसला राष्ट्रवाद?

वारसाच जपावयाचा तर १७३९ ची वसई आठवावी. चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांचा तो बलाढ्य कोट घेतला, तो बुरुजांखाली सुरुंग भरून. माथ्यावरून गोळीबार होत असता जमीन पोखरणाऱ्या त्या अनाम हातांची स्मृती कोणाच्या दिवाणखान्यातील रायफलीत सापडावयाची नाही. जुनी शस्त्रे संग्रहालयात ठेवावीत, तेथे शाळेची मुले ती पाहतील. खाजगी शौकासाठी परवाने सैल करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला मात्र वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव विरोध संघटित केला पाहिजे.