परत फिरणारा चेंडू

शंभर ग्रॅमचा रबरी चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने भिंतीवर सरळ आपटला आणि तेवढ्याच वेगाने परत आला. त्याच्या संवेगात किती बदल झाला? शाळकरी मुलांना हा प्रश्न हमखास चकवतो. दहातून दहा गेले, उरले शून्य, असे लिहून मुले मोकळी होतात. घरातल्या मोठ्यांना विचारले, तर तेही पुष्कळदा हेच सांगतात.

वजाबाकी बरोबर असते, विसरलेली असते ती दिशा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि वेगाला दिशा असते. भिंतीकडे जाणारा संवेग अधिक १ धरला, तर परत येणारा उणे १ होतो. अधिक एकपासून उणे एकपर्यंत जायचे तर बदल दोनचा. भिंत आधी चेंडू थांबवते आणि मग त्याला उलट ढकलते. कामे दोन, म्हणून बदलही दुप्पट.

प्रत्यक्षात कोणताच चेंडू पूर्ण वेगाने परतत नाही. टेनिसचा नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा असा नियम आहे. म्हणजे जमिनीवर पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर आणि उसळताना सव्वापाच. बदल झाला सव्वाबाराचा. आता तेवढ्याच वजनाचा कणकेचा गोळा तितक्याच उंचीवरून सोडून पाहावा. (स्वयंपाकघरातून तो मिळवणे हाच या प्रयोगाचा अवघड भाग!) गोळा थपकन बसतो, उसळत नाही. बदल फक्त सातचा. वजन सारखे, उंची सारखी, तरी चेंडूने जमिनीला दिलेला आवेग गोळ्याच्या पावणेदोन पट. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पृथ्वीही तेवढीच ढकलली जाते. पण तिच्या अफाट वस्तुमानापुढे ते कुणाच्या लक्षात येणार?

हेल्मेट बनवणाऱ्यांना मात्र ही उसळी विसरून चालत नाही. कठीण कवचाच्या आत थर्मोकोलच्या जातीचा जाड थर असतो. दुचाकीवरून पडून डोके आपटले की तो चिरडतो. त्यामुळे डोक्याला थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो आणि बल कमी होते. हा मुख्य फायदा. दुसरा असा, की चिरडलेला थर स्प्रिंगसारखा उलटा फुगत नाही. तेथे चेंडूसारखे उसळते रबर असते, तर डोके नुसते थांबले नसते, मागे फेकलेही गेले असते, आणि मेंदूला व मानेला त्या दुसऱ्या ढकलण्याचाही भार सोसावा लागला असता.

पण कणकेचा गोळा एकदा चेपला की चेपलाच, तसेच या थराचे. थोरल्याचे आपटलेले हेल्मेट धाकट्याला देण्याची काटकसर काही घरांत होते. बाहेरचे कवच तेव्हा चकचकीत दिसते, साधा ओरखडाच काय तो असतो; आतला थर मात्र त्या जागी पहिल्याच अपघातात खर्ची पडलेला असतो.