‘शुगर आहे का तुमच्याकडे?’

‘माझ्या चहात साखर नको,’ एवढंच म्हटलं मी, आणि पुढचं सगळं रामायण झालं!

भाईंदरला, नवघर रोडवरच्या आमच्या छोट्याशा घरात लेकीला बघायला पाहुणे आले होते. हल्ली ‘बघायला’ म्हणत नाहीत, ‘भेटायला’ म्हणतात. पोहे मात्र तेच असतात! मुलगा चांगला होता. दोघं आधी दोन-तीनदा बाहेर भेटली होती, सूर जुळले होते. मुलाच्या आईनं माझ्या वेगळ्या कपाकडे पाहिलं आणि विचारलं, “शुगर आहे का तुमच्याकडे?”

तो शब्द बघा. ‘तुम्हाला’ नाही, ‘तुमच्याकडे’! जणू कोकणात जमीन आहे का, घरात गौरी उभ्याच्या असतात का, तसंच शुगर आहे का? मी म्हटलं, “हो, मला आहे. माझ्या आईलाही होती.” चार दिवसांनी मध्यस्थ वहिनींचा फोन आला. “मुलीत काही खोट नाही हो, पण ते आनुवंशिक असतं ना! उद्या नातवंडांना नको, म्हणतात त्या.” मुलाच्या वडिलांची बायपास झालेली आहे. ती कुठल्या डॉक्टरनं केली, किती खर्च आला, हे त्यांनीच आम्हाला रंगवून सांगितलं होतं. ते मात्र आनुवंशिक नाही बरं का! ते ‘कामाचं टेन्शन’.

राग आला. पण खरं सांगू? थोडा स्वतःचाही आला. माझी शुगर निघाली तेव्हा वर्षभर मी गोळ्यांची पाकिटं मसाल्याच्या डब्यामागे लपवत होते. पाहुणे यायच्या आदल्या रात्री लेकीला बजावलं होतं, ‘शुगरचा विषय काढू नकोस.’ (आणि सवयीनं मीच बोलून बसले!) शिवाय पुतण्यासाठी सांगून आलेल्या एका मुलीच्या घरात दमा आहे हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांत मीही होतेच की. तेव्हा पुतण्याच्या आईची बाजू होती, आता मुलीच्या आईची आहे, एवढाच फरक.

म्हणून ठरवलं, हे ‘आनुवंशिक’ प्रकरण एकदा नीट समजून घ्यायचंच. आणि मैत्रिणींनो, फार लांब जावंच लागलं नाही. या विषयावरचं जगात नावाजलेलं काम आपल्या पुण्यात झालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले जनुकशास्त्रज्ञ डॉ. गिरिराज चांडक यांनी मिळून आपल्या लोकांच्या मधुमेहाची मुळं शोधली. २००६ साली आइसलंडच्या संशोधकांना मधुमेहाशी जोडलेलं एक जनुक सापडलं, ‘टीसीएफ७एल२’ असं मोटारीच्या नंबरप्लेटसारखं नाव असलेलं. ते आपल्याकडेही लागू पडतं का, हे या मंडळींनी तपासलं आणि २००७ मध्ये सांगितलं, की हो, पडतं.

झालं! म्हणजे त्या बाईंचंच खरं, असं मलाही क्षणभर वाटलं. पण पुढे वाचलं. या जनुकाचा तो ‘वाईट’ प्रकार असला, तर मधुमेहाचा धोका साधारण दीडपटीच्या आसपास जातो. दहापट नाही, शंभरपट नाही. आणि मधुमेहाशी नातं असलेलं हे जनुकांतलं सगळ्यात ठळक ठिकाण! बाकीची याहून लहान. २०२४ मध्ये जगभरातल्या पंचवीस लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून अशी सहाशेहून अधिक ठिकाणं सापडली. म्हणजे खाष्ट सासू एक नाही, सहाशे, आणि प्रत्येकीचा टोमणा अगदी बारीक! त्यातल्या थोड्याफार प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या असतात. माझ्या, तुमच्या आणि त्या मुलाच्याही.

हे ऐकून आमच्या लोकलच्या लेडीज डब्यात मी एक प्रयोग केला. भाईंदर ते अंधेरी रोज एकत्र जाणाऱ्या आम्ही नऊ जणी. विचारलं, ‘माहेरी-सासरी मिळून कुणालाच शुगर नाही, अशी कोण आहे?’ हात वर आले दोन. त्यातल्या एकीनं दहिसर यायच्या आत हात खाली घेतला, कारण आत्या आठवली! २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. मग बिनशुगरच्या घरातली सून आणायची तरी कुठून?

याचा अर्थ लग्नाआधी काहीच विचारू नये, असा मुळीच नाही. थॅलेसेमियाचं उदाहरण घ्या. तो एकाच जनुकातल्या दोषानं होतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता, की बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागेल. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये सगळ्या समाजांची वस्ती आहे. त्यात सिंधी, लोहाणा, कच्छी मंडळींमध्ये या दोषाचं प्रमाण जास्त आढळतं. पण रक्ताची साधी तपासणी दोघांनीही करून घ्यावी, कुणीही असोत. तिथं प्रश्न विचारण्यात शहाणपण आहे. कारण उत्तर नेमकं मिळतं आणि ते दोघांनाही लागू असतं. शुगरच्या प्रश्नाला तसं उत्तरच नाही. तिथं ‘आनुवंशिक’ हा शब्द फक्त नकार देण्याची सोय म्हणून वापरला जातो. आणि तो वापरला जातो मुलीच्या माहेरासाठी. जनुकं निम्मी बापाकडून येतात, हे शाळेत शिकलेलंही अशा वेळी कुणाला आठवत नाही!

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. पुढच्या मधुमेहाची तयारी म्हणे इथूनच सुरू होते. ज्या आयांच्या अंगात फोलेट जास्त पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे वारसा फक्त जनुकांचा नाही, ताटाचाही आहे! आणि ज्या बीजापासून माझी लेक झाली, ते बीज मी माझ्या आईच्या पोटात असतानाच माझ्यात तयार झालेलं होतं. माझी आई तेव्हा काय जेवत होती? सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं.

आता कृपा करून ‘बघा, आईनंच नीट खाल्लं नाही’ असं म्हणून हेही तिच्याच माथी मारू नका. तिच्या ताटात कमी कुणी वाढलं, ते विचारा. सून घरात आणताना तिच्या माहेरची शुगर विचारणाऱ्यांनी, ती घरात आल्यावर दूध-दही, अंडं किंवा उसळ तिच्या पानात पडते का, हेही बघावं. नातवंडांची एवढीच काळजी असेल, तर ती करायची जागा बैठकीची खोली नाही, स्वयंपाकघर आहे.

आणि ज्यांच्या घरात शुगर आहे, त्यांनी लपवू नये, तपासावं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईतल्या एका अभ्यासात शुगर काठावर असलेल्या लोकांनी खाणंपिणं आणि चालणं सांभाळलं, तर त्यांच्यातलं मधुमेह होण्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी झालं. नशिबात लिहिलेलं असतं, तर चालण्यानं पुसलं गेलं असतं का? माझी लेक आता वर्षातून एकदा तपासणी करते. रविवारी आम्ही दोघी जेसल पार्कच्या खाडीकाठी चालायला जातो. गोळ्यांची पाकिटं मसाल्याच्या डब्यामागून जेवणाच्या टेबलावर आली आहेत.

त्या मुलाचा मध्यंतरी लेकीला फोन आला होता म्हणे, ‘आईला समजावतोय’ असा. ती म्हणाली, “समजाव. आणि तुझ्या बाबांचा रिपोर्ट घेऊन ये, मी आईचा आणते.”

पुढं काय होईल, ते दोघंच ठरवतील. मी मात्र ठरवलंय, पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर माझ्या चहाचं मीच आधी सांगून टाकायचं. आणि मग तितक्याच गोडीनं विचारायचं, “तुमच्याकडे काय काय आहे?”