युनियन कुणाची? कामगारांची की सरकारची?



ऑगस्ट 1980. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातला लेनिन जहाज कारखाना. क्रेन चालवणाऱ्या अ‍ॅना वालेंटिनोविच यांना पेन्शनला पाच महिने उरले असताना कामावरून काढले. त्यांचा गुन्हा एकच : सरकारी युनियनला न जुमानता त्या स्वतंत्र युनियनचे काम करत होत्या. 14 ऑगस्टला कारखाना बंद पडला. अ‍ॅनाबाईंना परत घ्या, अशी मागणी झाली.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने पगारवाढ कबूल केली. संप मिटल्याचे जाहीर झाले, कामगार घरी निघाले. तेव्हा परिचारिका अलिना पियेन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्षिवोनोस यांच्यासारख्या बायकांनी त्यांना अडवले. मोठा कारखाना आपले पदरात पाडून मोकळा झाला, तर पाठिंब्याला उतरलेल्या लहान कारखान्यांना सरकार चिरडून टाकेल, हे त्यांनी ओळखले होते. संप चालू राहिला. साऱ्या कारखान्यांची एक संप समिती झाली. 21 मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकावर लावल्या गेल्या. त्यांतली पहिली मागणी पगाराची नव्हती! सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र युनियन, ही पहिली. संपाचा हक्क, ही दुसरी.

सत्ताधारी म्हणत, राज्यच कामगारांचे आहे, मग संप कुणाविरुद्ध? याच 'कामगारांच्या राज्या'ने डिसेंबर 1970 मध्ये याच किनाऱ्यावर, भाववाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या होत्या. सरकारी युनियन तेव्हा कुणाच्या बाजूला होती, हे ग्दान्स्कचा कामगार विसरला नव्हता.

31 ऑगस्टला सरकारने करारावर सही केली. लेक वालेसा यांच्या नेतृत्वाखाली 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र युनियन उभी राहिली आणि सुमारे एक कोटी लोक तिचे सभासद झाले. 13 डिसेंबर 1981 ला पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. वुयेक खाणीत नऊ कामगारांना गोळ्या घातल्या. 1982 मध्ये कायदा करून युनियनच बरखास्त केली. तरी वर्गणी गोळा होत राहिली, चोरून छापलेली पत्रके हातोहात फिरत राहिली. शेवटी 1989 मध्ये त्याच सरकारला त्याच युनियनशी बोलणी करावी लागली. 4 जूनच्या निवडणुकीत जनतेने युनियनच्या बाजूने निकाल दिला.

पोलंडमधल्या त्या लष्करी कायद्यानंतर 36 दिवसांनी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईचा गिरणी कामगार संपावर गेला. इथे हुकूमशाही नव्हती, रणगाडे नव्हते. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिला होता. सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, तरी सरकारने त्यांना प्रतिनिधी मानले नाही. कामगारांचा पुढारी कोण, हे कामगारांऐवजी कायद्याने ठरवले. त्याची किंमत गिरणगावाने मोजली.

म्हणून मित्रांनो, आपल्या युनियनला आज चार प्रश्न विचारा. पदाधिकारी कुणी निवडले? त्यांना काढण्याचा हक्क कुणाला? वर्गणीचा हिशेब आमसभेपुढे येतो का? करारावर सही होण्याआधी तो आपल्याला वाचून दाखवतात का? उत्तर मिळाले नाही, तर ती युनियन आपली नाही. ती आपली करून घ्या!

गेट सभेला या. घरच्यांना, शेजारच्या कारखान्यातल्यांना, कंत्राटी साथींना हे पत्रक वाचून दाखवा. एकच मागणी लावून धरा :

आमची युनियन आम्ही निवडणार, गुप्त मतदानाने निवडणार!