शिक्षा आधी, सुनावणी नंतर!

दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. तालुक्याच्या गावच्या बाजारपेठेत दोन पिढ्या चालत आलेले एक मिठाईचे दुकान आहे, असे समजू. उधारीवर साखर, तूप, बेसन येऊन पडले आहे, दोन आचारी जास्तीचे आणले आहेत. अशा वेळी अन्न व औषध प्रशासनाचा आदेश हाती पडतो : परवाना निलंबित! कारण काय, तर भिंतीच्या फरशा फुटलेल्या, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रे अपुरी, खरेदीच्या नोंदी अर्धवट. भेसळीचा आरोप नाही, कुणाला विषबाधा झालेली नाही. तरीही शटर खाली येते. दुकानदार अपील करतो. सुनावणीची तारीख लागेपर्यंत तुळशीचे लग्नही लागून गेलेले असते. पुढे निलंबन रद्द झाले, तरी खराब झालेला माल आणि तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही. अपिलात जिंकलेला माणूस बाजारात मात्र हरलेला असतो.

असा प्रसंग केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीमुळे ओढवत नाही. त्याची बीजे कायद्याच्या रचनेतच आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याचे कलम ३२ या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. त्रुटी आढळल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याने प्रथम सुधारणा नोटीस द्यावी आणि सुधारणेसाठी किमान चौदा दिवसांची मुदत द्यावी, असे हे कलम सांगते. इथवर सारे न्याय्य आहे. नोटिशीचे पालन झाले नाही, तर परवाना निलंबित करता येतो आणि त्यानंतरही पालन झाले नाही, तर तो रद्द करता येतो. परंतु कारणे दाखवण्याची संधी द्यावी, हे शब्द कायद्याने परवाना रद्द करण्यापूर्वी वापरले आहेत, निलंबनापूर्वी नव्हे. नोटिशीचे पालन झाले की नाही, हाच जिथे वादाचा मुद्दा असतो, तिथेही दुकानाला कुलूप लावण्यापूर्वी दुकानदाराचे म्हणणे ऐकावे, असे हे कलम सांगत नाही.

मग दाद कुठे मागायची? त्याच कलमानुसार अन्न सुरक्षा आयुक्तांकडे, आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. आयुक्तांचा निर्णय अंतिम. दुकानदाराने पंधरा दिवसांत धावपळ करावी, हे कायदा बजावून सांगतो. आयुक्तांनी किती दिवसांत निकाल द्यावा, याबद्दल मात्र हे कलम अवाक्षर काढत नाही. शिवाय ज्या पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध तक्रार करायची, त्याची नेमणूक करणारे आयुक्तच! घरच्याच माणसाविरुद्ध घरच्याच वडीलधाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडावे, असा हा मामला आहे.

विसंगती इथेच संपत नाही. याच कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याने एखाद्या दुकानदाराला दंड ठोठावला, तर त्याविरुद्धचे अपील न्यायाधिकरणापुढे चालते आणि त्या न्यायाधिकरणाचा पीठासीन अधिकारी आजी वा माजी जिल्हा न्यायाधीश असावा लागतो. म्हणजे खिशातून काही हजार रुपये जाणार असतील, तर न्यायाधीश. आणि अख्ख्या घराची चूल विझणार असेल, तर खात्यातलेच वरिष्ठ! या न्यायाला काय म्हणावे?

औषध विक्रेत्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. औषध नियम, १९४५ मधील नियम ६६ ने निलंबनापूर्वी कारणे दाखवण्याची संधी आणि सकारण लेखी आदेश या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, ही जमेची बाजू. मात्र अपील करायचे ते राज्य शासनाकडे. तांत्रिक आणि न्यायिक स्वरूपाचा हा प्रश्न मंत्रालयाच्या दारात नेऊन ठेवला, की कायद्याच्या जाणकारापेक्षा ओळखीच्या माणसाचा शोध आधी सुरू होतो. ज्याची ओळख आहे तो सुटतो, ज्याची नाही तो रखडतो, अशी समजूत समाजात रूढ होणे हीच मुळी राज्यव्यवस्थेची नामुष्की आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. सणाच्या दिवसांत भेसळीचा खवा विकणाऱ्यांची पाठराखण करायची काय? मुळीच नाही. लेकरांच्या तोंडात विष घालणाऱ्याला दयामाया नको. कायद्यातही त्याची सोय आहे. सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी, लेखी कारणे नोंदवून, परवाना तत्काळ निलंबित करण्याचा अधिकार कलम ३२ च्याच परंतुकाने दिला आहे. तो अधिकार जरूर वापरावा आणि कठोरपणे वापरावा. पण भेसळ करणारा आणि नोंदवही अपुरी ठेवणारा यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. किंबहुना त्याने भेसळखोराचेच फावते. कारण त्याच्याजवळ दिवस काढण्याइतका पैसा असतो, प्रामाणिक दुकानदाराजवळ तो नसतो.

उदरनिर्वाहाचे साधन हिरावणे म्हणजे जगण्याचा हक्कच हिरावणे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. तो खटला मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा होता. आदेशात नमूद नसलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्राद्वारे जोडून आदेश सावरता येत नाही, हे त्यापूर्वीच मोहिंदरसिंग गिल खटल्यात स्पष्ट झाले होते. ही तत्त्वे आजही खणखणीत आहेत. पण ती वापरायची, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने काही जिल्ह्यांचे अंतर कमी झाले, हे खरे. वकिलाची फी मात्र अंतर पाहून ठरत नाही.

१९९१ साली बहुसंख्य उद्योगांना औद्योगिक परवान्याच्या जाचातून मोकळे करण्यात आले. कारखानदाराच्या पायांतील बेडी तुटली, याचा आनंदच आहे. परंतु कोपऱ्यावरच्या खाणावळीला, बेकरीला, किराणा दुकानाला ती मुक्ती कितीशी लाभली? देशाचे अर्थकारण ज्यांच्या खांद्यावर उभे आहे, त्या लहान व्यावसायिकांच्या वाट्याला आजही निरीक्षकाची मर्जीच यावी, हे स्वतंत्र देशाला शोभणारे नाही.

उपाय अवघड नाहीत. आरोग्याला तातडीचा धोका नसेल, तिथे सुनावणीशिवाय निलंबन नको. मुदतीत अपील दाखल झाले, की निकाल लागेपर्यंत आदेशाला आपोआप स्थगिती मिळावी. अपिलाचा निकाल तीस दिवसांत लागावा आणि न लागल्यास निलंबन संपुष्टात यावे. अपील खात्याबाहेरच्या न्यायाधिकरणापुढे चालावे. ते न्यायाधिकरण या कायद्यात आहेच, केवळ त्याचे दार निलंबितांना उघडायचे आहे.

व्यापाऱ्यांचेही कर्तव्य आहेच. नोटिशीला तोंडी नव्हे, लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. केलेल्या सुधारणांची छायाचित्रे व पावत्या जोडाव्यात. आदेश मिळाल्याची तारीख त्यावर नोंदवून पंधरा दिवस मोजावेत आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्जही द्यावा. तालुक्यातालुक्यांतील व्यापारी संघांनी वर्गणी आणि सत्कार यांपलीकडे जाऊन एखादा जाणकार वकील सभासदांसाठी नेमून ठेवावा. ‘मिटवून टाकू’ म्हणणारा दुकानदार स्वतःपुरता सुटतो, पण शेजाऱ्याच्या गळ्यातील फास आवळतो.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ अधिकरणात लबाड कारागीर आणि व्यापारी यांच्यावर कडक देखरेख सांगितली आहे. परंतु त्याच अधिकरणात, दाद मागायला आलेल्यास धमकावणाऱ्या वा हुसकावून लावणाऱ्या न्यायाधिकाऱ्यालाही त्याने दंड सांगितला आहे. प्रजेला टोचणारा काटा कधी बाजारात असतो, तर कधी कचेरीत. शासनाला दोन्ही काटे काढावे लागतील. पहिला काढण्याचा कायदा आहे. दुसरा काढण्याची इच्छाशक्ती हवी.