अंधेरीतला ब्रेकअप

रविवारी मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. अंधेरी वेस्ट, सातवा मजला. चहाचा मग घेऊन बाल्कनीत आले तर समोर एक काळा कडा! सरळसोट, पेन्सिली उभ्या रचून ठेवल्यासारखा. ‘अगं, ती गिल्बर्ट हिल. वर देऊळ आहे,’ एवढं सांगून ती परत फोनवर इंटिरिअरवाल्याशी भांडायला लागली. मी सरळ पायऱ्या गाठल्या.

मंडळी, दगड म्हणजे शाळेत आपण ऑप्शनला टाकलेला विषय. पण या दगडाची स्टोरी एकदम फिल्मी आहे. साधारण २०० फुटांचा हा कडा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. लाव्हा गार होताना आकसतो आणि सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा तडकतो. हे तडे आत आत जात राहतात आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. कुठलाही आर्किटेक्ट नाही!

आता खरा ट्विस्ट. सह्याद्रीतले बहुतेक थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारत उत्तरेकडे सरकत होता आणि खाली होता तप्त खडकाचा एक प्रवाह. तोच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी पेटता ठेवतो, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हाचे थरांवर थर पसरत गेले. गिल्बर्ट हिलचं वय मोजलं तेव्हा मात्र ते निघालं सुमारे ६ कोटी. म्हणजे ही घाटाची बरीच धाकटी बहीण.

मधल्या काळात काय झालं? ब्रेकअप! आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेलं सेशेल्स सुटून दूर निघालं. जमीन ताणली गेली, पातळ झाली आणि खालच्या लाव्हाला नव्या वाटा मिळाल्या. मुंबईतल्या या उशिराच्या लाव्हाचा संबंध त्या फारकतीशी जोडला जातो. सेशेल्सच्या सिल्हूट बेटावरही साधारण त्याच सुमाराचे अग्निजन्य खडक आहेत. एकाच भांडणाच्या खुणा, दोन्ही घरी. आणि आपण तिथे हनिमूनला जातो!

वरून चारी बाजूंना पाहिलं. इमारती, झोपड्या, पाण्याच्या टाक्या. आजूबाजूचा बराचसा दगड खाणवाल्यांनी केव्हाच फोडून नेला. कुणाच्या तरी भिंतीत, रस्त्यात खडी होऊन बसला असेल. २००७ मध्ये महापालिकेने टेकडीला हेरिटेजचा दर्जा दिला, म्हणून निदान एवढी तरी उरली. तुटलेला खांब परत उभा करायचा तर पुन्हा लाव्हा लागेल, आणि त्याची ऑर्डर कुठल्याच बिल्डरला देता येत नाही.

खाली आले तेव्हा मैत्रिणीचं भांडण संपलं होतं. ‘हिल व्ह्यूचे एक्स्ट्रा पैसे घेतले गं बिल्डरने,’ ती कुरकुरली.

म्हटलं, ‘पडदे लावू नकोस. वसूल होतील.’