नोंद न झालेला निर्णय

१/४ सिंहगडावर १६७० मध्ये उमरठचे (ता. पोलादपूर) तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजींनी परतीचे दोर कापले, असे परंपरा सांगते. आणीबाणीतला तो निर्णय आपल्यापर्यंत पोहोचला, कारण कोणीतरी तो सांगितला.

२/४ २८ ऑक्टोबर २०१८. लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्सचे नाक ट्रिम यंत्रणा सदोष संवेदकामुळे वारंवार खाली ढकलत होती. वैमानिकांनी तिचा वीजपुरवठा तोडला, हाताने ट्रिम साधला आणि विमान जकार्तात सुखरूप उतरवले.

३/४ हा उपाय मात्र नोंदवहीत उतरला नाही. दुसऱ्याच दिवशी तेच विमान समुद्रात कोसळले. १८९ जण दगावले.

४/४ केवळ वैमानिकांना दोष देणे अन्याय्य ठरेल. नाक खाली ढकलणाऱ्या स्वयंचलित प्रणालीची माहिती बोइंगने त्यांच्या पुस्तिकेत दिलीच नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकांनी म्हणूनच प्रसंगावधानाइतकेच मोल नोंदीलाही द्यावे.