साखरेची चिठ्ठी एकीकडे, थायरॉइडची दुसरीकडे

अंजनगाव सुर्जी, (प्रतिनिधी) - वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत घाम, छातीतील धडधड, हातांचा कंप यांना उन्हाखेरीज दुसरे कारण असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अतिसक्रिय थायरॉइडचा रुग्ण नेमका येथेच मागे पडतो. त्याला आधीच मधुमेह असला, तर वजन घटल्याचे खापर साखरेवर फुटते. स्त्रीची पाळी बिघडली, तर ती 'पीसीओएस' अथवा रजोनिवृत्तीच्या खाती जमा होते.

वास्तविक हे विकार परस्परांपासून अलिप्त नाहीत. थायरॉइडचे संप्रेरक वाढले, की यकृतातून अधिक साखर रक्तात उतरते आणि इन्सुलिनचा निचराही लवकर होतो. आटोक्यातील मधुमेह त्यामुळे पुन्हा डोके वर काढतो. उलट थायरॉइड ताळ्यावर आला, की इन्सुलिनची तीच मात्रा जास्त ठरून साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणजे एका डॉक्टरांचे यश दुसऱ्यांना कळलेच नाही, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. 'ग्रेव्हज' या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीला चेतवते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे मूळही प्रतिकारयंत्रणेच्या अशाच बिघाडात असल्याने दोन्ही एकाच देहात आढळणे नवलाचे नाही.

शासकीय कार्यक्रमांची आखणी मात्र वेगळी आहे. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम झाला. त्याचा रोख कमतरतेवर. २०१० मध्ये सुरू झालेला असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम मुख्यतः मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात व कर्करोगासाठी. दोन्ही आवश्यकच, पण अतिसक्रिय थायरॉइड त्या दोहोंच्या फटीत राहतो. बोलीतही 'थायरॉइड झाला' एवढेच म्हटले जाते. तो वाढला की मंदावला, हे कोणी विचारत नाही आणि उपचार तर अगदी परस्परविरुद्ध.

अमरावती, अकोला वा नागपूरची वाट धरणाऱ्या तालुक्यातील रुग्णाने प्रत्येक तज्ज्ञापुढे सर्व चिठ्ठ्या व रक्ततपासण्या एकत्र ठेवणे, हाच तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो. कार्बिमाझोलच्या गोळ्या बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. त्या काळात तापासह घसा दुखल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते. क्वचित त्या एकाएकी घटतात. पावसाळ्यात घसा कोणाचाही दुखतो, म्हणून ही सूचना चिठ्ठीवर मराठीत, ठळक अक्षरांत असावयास हवी.